लाईटबिल थकलं की सिबिल बिघडतं का?

दोन महिन्यांपूर्वी गृहकर्जाबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले : ‘घरची बिलं वेळेवर भरा, बँक सगळं बघते.’ त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. चूक माझीच. ‘सगळं’ हा शब्द सैल पडला. ३२ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली १९ कर्ज विभागात, तेव्हा एवढं तरी कळायला हवं होतं की लोक असं वाक्य वाचून रात्री उठून पाणीपट्टीच्या पावत्या शोधायला लागतात. एका बाईंनी खरंच शोधल्या. २०११ सालची मिळाली, म्हणून विचारतात की आता भरू का.

तर हा अंक त्या पत्रांसाठी. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

माझ्या सासऱ्यांच्या नावावर लाईटचं मीटर आहे. मीटर बिघडल्यामुळे चार महिने सरासरी बिल आलं आणि मग एकदम २३,४८० रुपयांचं. सासरे म्हणतात, “चुकीचं बिल आहे, एक पैसा भरणार नाही.” इकडे मी आणि माझे यजमान बदलापूरला जुना फ्लॅट घेतोय, कर्जाचा अर्ज दिलाय. सासऱ्यांच्या हट्टापायी आमचं सिबिल खराब होईल का? घरात रोज या विषयावरून ताटं आपटतायत. — एक सून, डोंबिवली

आधी ताटं खाली ठेवा. या बिलामुळे तुमचं सिबिल खराब होणार नाही.

आपण ‘सिबिल’ म्हणतो, पण कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवून त्यावरून गुण, म्हणजे ‘स्कोअर’, देणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सगळ्यांत जुनी, २००० सालची, म्हणून तिचं नाव सगळ्यांना चिकटलं, जसं वनस्पती तुपाला डालडा. २००५ च्या कायद्याखाली या चालतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. त्यांना माहिती पुरवतात त्या मुख्यतः कर्ज देणाऱ्या संस्था : बँका, सहकारी बँका, गृहवित्त कंपन्या, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्डवाले. लाईटबिल हे कर्ज नव्हे. वीज आधी वापरता आणि पैसे नंतर देता, म्हणून उधारी जरूर आहे, पण ती वाण्याच्या वहीतल्यासारखी. ती वही सिबिलच्या टेबलावर जात नाही. त्यातून हे मीटर सासऱ्यांच्या नावावर. पतअहवाल माणसाच्या नावाने आणि पॅनने बनतो, घराच्या नावाने नाही.

मात्र म्हणून सासरे बरोबर ठरत नाहीत. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं की बिल थकलं तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन कंपनी वीज तोडू शकते. याच कलमात भांडणाऱ्या ग्राहकासाठी एक सोय आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. बिल मान्य नसेल तर निषेध नोंदवून काही रक्कम भरायची : एकतर मागितलेली पूर्ण रक्कम, नाहीतर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने दरमहा येणारी, दोन्हींतली कमी असेल ती. तेवढी भरली की तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे सासऱ्यांचा मान राहतो आणि फ्रीजमधलं दूधही. ‘निषेधासह भरणा’ असं अर्जात स्पष्ट लिहा, मीटर तपासणीची मागणी त्याच अर्जात करा, आणि कंपनीकडून दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा.

आता बँकेची दुसरी खिडकी. पत्त्याचा पुरावा म्हणून दोन महिन्यांच्या आतलं लाईटबिल चालतं. मी कर्ज विभागात असताना ते बिल हातात आलं की पत्ता बघायच्या आधी माझी नजर एका रकान्यावर जायची, ‘थकबाकी’. तिथे शून्य असेल तर पान उलटायचं. आकडा असेल तर पेन्सिलने बारीक गोल करायचा आणि अर्जदार समोर बसला की विचारायचं. या गोलामुळे मी कुणाचं कर्ज नाकारल्याचं आठवत नाही, पण चार प्रश्न जास्त विचारले, हे खरं. तेव्हा तुम्ही दोघं पत्त्यासाठी आधार द्या. हे बिल तसंही तुमच्या नावावर नाही.

आणि ज्याची तुम्ही पत्रात चौकशीच केली नाहीत ते सांगते, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. जुना फ्लॅट घेताय ना? त्या फ्लॅटचं शेवटचं लाईटबिल बघितलंत? सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात केरळ वीज मंडळाच्या खटल्यात सांगितलं की नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. करार व्हायच्या आधी विकणाऱ्याकडून ताजं बिल, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला, तिन्ही हातात घ्या. दुसऱ्याचं बिल भरण्याची वेळ आली की सासऱ्यांचं बिल गोड वाटायला लागेल.

मी हिंजवडीत नोकरी करतो, मूळचा लातूरचा. चौघं मिळून फ्लॅटमध्ये राहतो. लाईट, वायफाय आणि किराणा माझ्या मोबाईलवरच्या ‘पे लेटर’ने (बिल आत्ता, पैसे नंतर) भरायचो, मित्र त्यांचा वाटा मला यूपीआयने पाठवायचे. मध्ये नोकरी बदलली, पगाराचं खातं बदललं. जुन्या खात्यात २१२ रुपये होते, त्यातून दोनदा पैसे कापायचा प्रयत्न झाला आणि बाउन्स झाला. बाकी होती फक्त ३,२४० रुपये. आता बाईकसाठी कर्ज मागितलं तर म्हणतात स्कोअर ७७१ वरून ६८४ झालाय. अहवालात एका अशा कंपनीचं नाव आहे जिच्याकडून मी कधी कर्ज घेतलंच नाही. मॅडम, हा फ्रॉड आहे का? — वय २४

तुला ‘तू’ म्हणते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस.

फ्रॉड नाही रे. ते कर्ज तूच घेतलंयस, दर महिन्याला, लाईटबिलाच्या नावाखाली.

वरच्या डोंबिवलीच्या ताईंना मी सांगितलं की लाईटबिल सिबिलमध्ये जात नाही. तुझं लाईटबिलही गेलं नाही. ते तर वेळेवर भरलं गेलं, वीज कंपनीला तुझ्याबद्दल काडीची तक्रार नाही. ते भरलं एका फायनान्स कंपनीने, तुझ्या वतीने, आणि त्या क्षणी वाण्याच्या वहीतली उधारी सावकाराच्या वहीत गेली. ॲपचं नाव एक आणि पैसे देणारी कंपनी दुसरी, असाच हा धंदा आहे. ॲप म्हणजे नुसतं दुकानाचं शटर. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे ॲपवरून दिलेलं कर्ज, कितीही छोटं आणि कितीही थोड्या दिवसांचं असलं, तरी पतमाहिती कंपन्यांना कळवावंच लागतं. तू ‘आय ॲग्री’ दाबलंस त्या पानावर त्या अनोळखी कंपनीचं नाव होतं. ते पान कोणी वाचत नाही. मीसुद्धा नाही, आणि मी आयुष्यभर लोकांकडून तसल्या पानांवर सह्या घेतल्या.

तुझ्या पत्रातला ‘फक्त’ हा शब्द मला अडकला. अहवालात ‘फक्त’चा रकाना नाही. प्रत्येक खात्याखाली महिन्यांची एक पट्टी असते, ३६ महिन्यांची. वेळेवर भरलं त्या महिन्याखाली तीन शून्यं. ३० दिवस उशीर झाला तर तिथे ०३०, दोन महिने झाले तर ०६०. ही पट्टी दिवस मोजते. तीन हजार दोनशे चाळीस असोत की तीन लाख, ०६० हा ०६० सारखाच दिसतो. बँकेतला मुलगा संगणकावर आधी तेच बघतो, रक्कम नंतर. बिल चौघांचं, पण पट्टी तुझ्या एकट्याची. ज्या तिघांनी वाटा वेळेवर पाठवला, त्यांचे पैसे आले कधी, गेले कुठे, हे तुझं तुला माहीत.

आता काय करायचं. आधी थकलेले पैसे दंडासकट भर, आणि ॲपमधून ‘नो ड्यूज’चं पत्र उतरवून घे. मग ती सोय बंद कर. नुसतं ॲप मोबाईलवरून काढून टाकलं म्हणजे खातं बंद होत नाही, तसं लेखी मागावं लागतं. आणि ज्या खात्यातून काही ना काही कापलं जातं ते खातं मोकळं सोडू नकोस. नोकरी बदलताना मुलं नवा लॅपटॉप आणि नवं ओळखपत्र लक्षात ठेवतात, जुन्या खात्यावर लावलेले मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानग्या, नाही. बँकेच्या ॲपमध्ये त्यांची यादी दिसते. एकदा उघडून बघ, कुठल्याशा जिमचं निघेल.

भरल्यावर किती दिवसांत सुधारतं? जानेवारी २०२५ पासून कर्जसंस्थांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे ‘बाकी शून्य’ हे लवकर दिसेल. पण ०३०, ०६० पुसले जात नाहीत. पुढच्या महिन्यांची शून्यं त्यांच्या पुढे साचत जातात आणि ते मागे सरकत जातात. स्कोअर नेमका किती दिवसांत किती वाढेल, ते गणित या कंपन्या उघड करत नाहीत. जो सांगतो, आणि वर पाच हजारात ‘सिबिल रिपेअर’ करून देतो म्हणतो, त्याचा नंबर ब्लॉक कर. खरी नोंद कोणी पैसे घेऊन पुसू शकत नाही. चुकीची असेल तर तुला फुकट दुरुस्त करून मिळते.

बाईक सहा महिने थांबू दे. आणि तोवर रागारागाने पाच ठिकाणी अर्ज करत सुटू नकोस, कारण प्रत्येक अर्जागणिक संस्था तुझा अहवाल मागवते आणि ती चौकशी नोंदली जाते. पाच दारं ठोठावलेला माणूस सहाव्या दारात गरजू दिसतो. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने मात्र काही बिघडत नाही.

सेवानिवृत्त शिक्षक आहे. विट्याहून मुलाकडे पुण्याला आलो तेव्हा पोस्टपेड मोबाईल बंद केला. चार वर्षांनी आता एक माणूस फोन करून ४१२ रुपये मागतो, रात्री साडेनऊला सुद्धा. म्हणतो, “काका, सिबिलमध्ये नाव टाकू.” आयुष्यात कुणाचे पाच पैसे बुडवले नाहीत. हे नुसतं भीती दाखवणं आहे का? — एक शिक्षक, पुणे

गुरुजी, नमस्कार. या प्रश्नाला उत्तर देण्याचा माझा अधिकार जरा जास्तच आहे. कारण सांगते.

२०१८ साली माझी रत्नागिरीहून पुण्याला बदली झाली. तिथलं लँडलाईन आणि ब्रॉडबँड बंद करायला मी भर जूनच्या पावसात कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलाने अर्ज घेतला, शेवटचं बिल भरून घेतलं. मी पिशवीतून मॉडेम काढला तर म्हणाला, “मॅडम, मॉडेमवाले साहेब आज नाहीत. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.” माणूस आला नाही. मॉडेम सामानाबरोबर पुण्याला आला आणि माळ्यावर, पुरणयंत्राच्या खोक्यात जाऊन बसला.

तीन वर्षांनी भाच्याच्या शैक्षणिक कर्जाला मी सहकर्जदार झाले. माझीच बँक. समोर बसलेला अधिकारी माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने अहवाल उघडला, जरा थांबला, आणि काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. गृहकर्ज फेडलेलं, कार्ड स्वच्छ, सगळीकडे शून्यांच्या रांगा. आणि तळाशी एक ओळ : टेल्को (म्हणजे टेलिफोन कंपनी) ब्रॉडबँड, बाकी १,१७८, ‘रिटन-ऑफ’. बुडीत. अशी ओळ मी शेकडो लोकांना काचेपलीकडून दाखवलेली. तेव्हा लोक माझ्याकडे बघण्याऐवजी खाली का बघतात, ते त्या दिवशी कळलं.

भाच्याचं कर्ज झालं, पण मला एका कागदावर खुलासा लिहून द्यावा लागला. मॉडेम माळ्यावरून उतरवला, पुरणयंत्रासकट. कंपनीच्या चकरा सुरू झाल्या. त्यांचं पहिलं वाक्य दर वेळी एकच : “बंद करण्याचा अर्ज दिल्याची पोच आहे का?” मी, जिने तीन दशकं लोकांना “पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका” म्हणून सांगितलं, त्या मी पावसात छत्री सांभाळण्याच्या नादात पोच घेतली नव्हती. नोंद दुरुस्त व्हायला ११ आठवडे लागले.

तेव्हा गुरुजी, नुसती भीती नाही. सगळ्या घरगुती बिलांत फोनचं बिल हे वेगळं प्रकरण आहे. पतअहवालात पोस्टपेड मोबाईल, लँडलाईन आणि ब्रॉडबँड यांच्यासाठी खात्याचे स्वतंत्र प्रकारच आहेत. प्रत्येक कंपनी प्रत्येक थकबाकी कळवतेच असं नाही, पण कळवली तर ती दिसते. प्रीपेडवाल्यांना ही चिंता नाही, तिथे उधारीच नसते.

त्या माणसाला फोनवर एक रुपयाही देऊ नका, त्याने पाठवलेल्या लिंकवर तर मुळीच नाही. आधी मुलाला सांगून स्वतःचा अहवाल काढा. चारही कंपन्यांनी प्रत्येक कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल फुकट दिलाच पाहिजे, २०१७ पासून तसा नियम आहे. (मी स्वतः दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढते, म्हणजे वर्षभर नजर राहते. जानेवारीत सिबिल, एप्रिलमध्ये दुसरी.) साईटवर पैसे भरून वर्गणीदार व्हा म्हणून मोठं बटण असतं, फुकटचं बटण बारीक असतं. बारीक दाबा.

अहवालात ती ओळ नसेल तर हा बहुधा जुन्या याद्या घेऊन बसलेला वसुलीवाला. असेल तर फोन कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपिलीय प्राधिकरण असतं, त्याला पैसे पडत नाहीत. बिल खरं निघालं तर थेट कंपनीच्या दुकानात किंवा अधिकृत ॲपवर भरा आणि खातं बंद झाल्याचं पत्र घ्या. त्यानंतरही नोंद तशीच राहिली तर सिबिलच्या साईटवर ‘डिस्प्यूट’ नोंदवा. सिबिल स्वतःच्या मनाने खोडत नाही, ज्याने माहिती दिली त्यालाच विचारतं. म्हणून हातात कागद हवा.

तुमच्या पत्रातली ती रात्री साडेनऊची वेळही मला खटकली. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. हा फोन कंपनीचा म्हणवतो, त्यामुळे तो नियम त्याला लागू होत नाही, पण पुढचा फोन आला की त्याचं नाव आणि एजन्सी विचारून वहीत लिहून घ्या. शिक्षकाने वही काढली की भलेभले सरळ होतात.

आमच्या सोसायटीत एका सभासदाने १४ महिने मेंटेनन्स दिलेला नाही. गाडी मात्र नवी घेतली. मी खजिनदार आहे. त्याचं नाव सिबिलला कळवायचं आहे, फॉर्म कुठे मिळतो? — नाशिक

फॉर्म मिळत नाही, कारण तसा फॉर्मच नाही. सोसायटी ही कर्जसंस्था नव्हे. गाडीबद्दलचं तुमचं दुःख समजते, पण त्या गाडीचा हप्ता तो वेळेवर भरत असेल तर त्याचा स्कोअर तुमच्यापेक्षा चांगला असू शकतो.

तुमच्या हातात दुसरी आणि जास्त धारदार हत्यारं आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. (सर्वसाधारण सभेने ठरवलेला दर तुमच्या इतिवृत्तात आहे का, ते आधी तपासा.) सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ ब-२९ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि मग ती रक्कम जमीन महसुलासारखी वसूल होते. शिवाय तो फ्लॅट विकायला किंवा तारण ठेवायला गेला की बँक सोसायटीचं पत्र मागते. तिथे तो तुमच्याच दारात येणार. तोवर ग्रुपवर त्याच्या गाडीचा फोटो टाकू नका.

माझे यजमान गेल्या नोव्हेंबरात गेले. घरातली लाईट, गॅस आणि मुलीच्या क्लासची फी त्यांच्या क्रेडिट कार्डावरून आपोआप जायची, मला काहीच बघावं लागायचं नाही. माझ्याकडे त्याच कार्डाचं जोड कार्ड होतं. मार्चमध्ये बँकेचा फोन आला, ४१ हजार थकलेत. ते म्हणतात, “२५ हजार भरा, सेटल करून टाकतो, नाहीतर तुमचंही सिबिल जाईल.” माझ्या नावावर घराचं कर्ज ट्रान्सफर व्हायचं आहे. काय करू? — कोल्हापूर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘मला काहीच बघावं लागायचं नाही’ या वाक्याशी थांबले. माझ्या आईचं अगदी असंच होतं, फक्त तेव्हा कार्ड नव्हतं, वडिलांच्या शर्टाचा खिसा होता.

एकेक करून बघू. जोड कार्डावरच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते, रिझर्व्ह बँकेचे कार्डांबाबतचे नियम तसंच सांगतात. त्यांची थकबाकी त्यांच्या नावाच्या अहवालात दिसेल, ती तुमच्या अहवालात आणून चिकटवता येत नाही. “तुमचंही सिबिल जाईल” हे फोनवरचं बोलणं आहे. लेखी द्या म्हणा, देणार नाहीत.

याचा अर्थ कर्ज विरून गेलं असा नाही. गेलेल्या माणसाचं देणं त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतं, वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतं. तुमच्या स्वतःच्या पगारावर आणि स्त्रीधनावर तो बोजा नाही. म्हणून किती द्यायचं हे ठरवण्याआधी ४१ हजार कशाचे, ते मागा. नोव्हेंबर ते मार्च, पाचही महिन्यांची स्टेटमेंटं. माझा अंदाज असा की त्यातली बरीच रक्कम ते गेल्यानंतरची असेल. माणूस गेल्याचं कार्डाला कोण सांगणार? दर महिन्याच्या ठरल्या तारखेला लाईट भरली गेली, गॅस भरला गेला, क्लासची फी गेली, आणि भरणारा नसल्यामुळे त्यावर उशिराचा दंड आणि महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्क्यांचं व्याज चढत गेलं. तुमच्या घरातलं एकही बिल थकलं नाही. सगळी वेळेवर भरली गेली, आणि त्यातूनच ४१ हजार उभे राहिले.

स्टेटमेंटं आली की दोन भाग करा : १) प्रत्यक्ष खर्च, २) मृत्यूच्या तारखेनंतरचा दंड आणि व्याज. दुसरा भाग माफ करावा असा अर्ज शाखेत द्या, मृत्यूच्या दाखल्यासह. अशा अर्जाला बँका बऱ्याचदा मान देतात, मी स्वतः पुढे पाठवलेले आहेत. आणि ‘सेटल’ या शब्दाला लगेच हो म्हणू नका. पैसे कमी जातात म्हणून तो बरा वाटतो, पण अहवालात तो ‘सेटल्ड’ म्हणूनच उमटतो, म्हणजे पूर्ण फेड झाली नाही, तडजोड झाली. तुमच्या यजमानांच्या अहवालाने आता कुणाला फरक पडत नाही, हे खरं. मात्र घराच्या कर्जाची बँक आणि कार्डाची बँक एकच असेल तर ते ती फाईल उघडतील. त्यामुळे व्याज-दंड माफ होऊन उरलेला खर्च भरता येण्यासारखा असेल तर तो पूर्ण भरून ‘बंद’ असा शेरा आणि ना-देय दाखला घेणं मला जास्त सोपं वाटतं. जमत नसेल तर तडजोड करा, त्यात अपराध काही नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट, घरबसल्या. १४४४८ हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे, मराठीत बोलतात. सप्टेंबर २०२२ पासून सिबिलसारख्या कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्यात. तुमच्या नावाच्या अहवालात चुकून ही नोंद आलीच, तर सिबिलकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

कार्ड अजून चालू असेल तर आजच बंद करायला सांगा, आणि लाईट-गॅसची नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यावर करून घ्या. मुलीच्या क्लासवाल्यांनाही सांगा. हे सगळे अर्ज एकाच दिवशी घेऊन निघा, प्रत्येकाच्या दोन प्रती. एक त्यांना द्यायची. दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यायची, आणि “मॅडम, नंतर या” म्हणाले तर समोरच्या बाकावर बसून राहायचं.